एकदाच विचारतील, तेव्हाच सांग

वाचकाचं पत्र

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. वय २२. बेळगावात बी.कॉम. केलं, पुण्याला जाऊन जर्मनची ए-वन परीक्षा दिली. आता जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कुटुंबात ओ-पेअर म्हणून वर्षभर राहायला जायचं ठरतंय. त्यांना दोन मुलं, एक ३ वर्षांचं आणि एक ६ वर्षांचं. व्हिडिओ कॉलवर माणसं चांगली वाटली. पण घरात रोज वाद. आई म्हणते, "परक्याच्या घरात राबायला कशाला जातीस?" बाबा माळकरी, आमच्यात मटण-मासे सोडाच, अंडंही चालत नाही. आजीनं लहानपणापासून शिकवलंय की दुसऱ्याच्या घरी मागून खायचं नाही, आणि ते अंगात भिनलंय. मला नुसतं फिरायचं नाही, तिथल्या माणसांत राहून बघायचंय. मी तिथं पाहुणी असेन की कामवाली? खायचं काय? सोबत कुंदा नेला तर चालेल का? आणि काही बिनसलं तर कुणाला सांगायचं?

उत्तर

आईच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण तिचं उत्तर कागदावर लिहिलेलं असतं. जर्मनीत ओ-पेअर ही नोकरी धरत नाहीत. कुटुंबात राहून भाषा आणि तिथलं जगणं शिकायचं, त्या बदल्यात मुलांकडे आणि हलक्या घरकामाकडे बघायचं, अशी ही व्यवस्था आहे. तिला नियम आहेत. काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास आणि आठवड्याला ३० तास. रात्री मुलं झोपलेली असताना त्यांच्यासाठी तू घरी थांबलीस, तर तेही तास यातच मोजायचे. आठवड्याला किमान दीड दिवस सुट्टी, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा, वर्षभराला ४ आठवडे रजा. हातखर्चाला महिना २८० युरो, ते रजेतही मिळतात. भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाकडून महिना ७० युरो वेगळे. आजारपणाचा आणि अपघाताचा विमा त्यांनी काढायचा. खोली तुझी स्वतःची, किमान ८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८६ चौरस फूट. मुदत ६ महिने ते १ वर्ष. जर्मनीत ओ-पेअर म्हणून एकदाच जाता येतं, त्यामुळे कुटुंब निवडताना घाई करू नकोस. विमानाचं भाडं बहुतेक वेळा आपल्यालाच घालावं लागतं, ते आधीच गृहीत धर. यातले आकडे तुझ्या करारात जसे छापलेत तसेच धरायचे, म्हणून जर्मनमधला करार सही करण्याआधी ओळ न ओळ समजून घे.

कामात काय येतं? मुलांचा नाश्ता, त्यांना बालवाडीत पोचवणं-आणणं, खेळणं, त्यांचे कपडे धुणं आणि घड्या, भांडी यंत्रात लावणं, थोडीफार आवराआवर. अख्ख्या घराची फरशी-खिडक्या, आजी-आजोबांची शुश्रूषा ही ओ-पेअरची कामं नाहीत. आईला हे वाचून दाखव. तिच्या शब्दात भीती आहे ती खोटी नाही, पण तिला उत्तर आहे.

आता आजीची शिकवण. आपल्याकडे ती बरोबर चालते, कारण आपल्याकडच्या यजमानाला तिचा दुसरा अर्धा भाग माहीत असतो. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्यांनी "घ्या की, लाजता काय" म्हणत पोळी ताटात टाकायची, पाहुण्यानं हात आडवा धरायचा, आणि दोन पोळ्या पोटात जायच्या. बेळगावापासून निपाणीपर्यंत हे न शिकवता येतं. जर्मन घरात हा दुसरा अर्धा भागच नसतो. "आणखी घेणार?" असं ते एकदा विचारतात. तू नको म्हणालीस तर भांडं उचलून ठेवतात. यात कोरडेपणा नाही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणं आणि पुन्हा पुन्हा विचारून तुला अडचणीत न टाकणं, हाच त्यांचा पाहुणचार. पण आपली मुलगी तिकडे भुकेली झोपते आणि सकाळी यजमानीण विचारात पडते की हिला आपलं घर आवडलं नाही की काय.

ओ-पेअरचं वर्ष बिघडतं ते बहुतेक इथून. रविवारी "आम्ही जंगलात फिरायला चाललोय, येतेस?" असं ते विचारतात, तू संकोचानं "नको, तुम्ही जा" म्हणतेस, ते जातात. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं हिला एकटं राहायला आवडतं. मग तू खोलीत बसून घरी फोन करतेस आणि तिथलं जगणं बघायला गेलेली मुलगी चार भिंती बघून परत येते. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवून टाक: हवं असेल तर पहिल्याच वेळी हो. नको असेल तर "नको, पण पुढच्या रविवारी नक्की येईन". आणि जे लागतं ते मागायचं. थंडी वाजली तर दुसरं पांघरूण माग, भूक लागली तर भूक लागली म्हण. न मागणाऱ्या माणसाला सगळं मिळालंय असंच तिथं धरतात.

निघण्याआधी आणखी एक व्हिडिओ कॉल कर आणि त्यात विचारायचं वहीत लिहून ठेव. माझी खोली दाखवाल का? सोमवार ते रविवार माझं वेळापत्रक कसं असेल? स्वयंपाकघर मी कधी वापरू शकते? भाषेचा वर्ग कुठं, आणि तिथं जायला बस आहे का? आधीच्या ओ-पेअरशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी टाळाटाळ केली तर सावध हो. वेळापत्रकाला "ते बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर त्याहून सावध हो. आणि कुटुंबानं कुठल्याही नावाखाली तुझ्याकडे पैसे मागितले, तर तिथंच थांब. एजन्सी मध्ये असेल तर तिला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. लाखाची गोष्ट करणारा माणूस वेगळ्याच धंद्यात आहे.

व्हिसासाठी मुंबईचा विचार डोक्यातून काढ. आपल्या भागातली माणसं पुण्या-मुंबईकडे बघतात, पण तुझा पत्ता कर्नाटकातला, आणि कर्नाटक व केरळचे अर्ज जर्मनीच्या बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत पोचता येतं. कागदांत एक अडचण आपल्या जिल्ह्याची म्हणून आहे. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि नव्या पासपोर्टवर दुसरं, असं होतं. अर्जात सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच लिही. दाखला फक्त कन्नडमध्ये किंवा फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर करून ठेव. दातांचं काही काम असेल तर इथंच उरकून जा.

कुंदा नेऊ नकोस. वाईट वाटेल, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. कुंदा, पेढे, खवा, तूप, सगळं त्यात येतं. विमानतळावर काढून घेतात आणि वर दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता, ओल्या मिरच्या, फळं हेही नको, त्यांना रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. गोड न्यायचंच असेल तर गोकाकचं करदंट बघ. ते मुख्यतः डिंक, सुकामेवा आणि गुळाचं. पाकिटावर घटक वाच, तूप नसलेलं मिळालं तर तेच घे, आणि मुलांना शेंगदाणा-काजू-बदामाची अॅलर्जी नाही ना, हे आधी विचार. तिकडे शाळेत जाणाऱ्या मुलांत हा प्रश्न गंभीरपणे घेतात.

आमच्या मते सगळ्यात चांगली भेट म्हणजे गुळेदगुड्डचा खण. दोन-तीन खण जोडून, मागे साधं सुती अस्तर लावून जेवणाच्या टेबलावर मधोमध टाकायची पट्टी शिवून घे, ३५ ते ४० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब. वजन काहीच नाही, आणि ते वर्षभर वापरतील. मुलांसाठी गोकाकची रंगवलेली लाकडी फळं. ३ वर्षांचं मूल वस्तू तोंडात घालतं, म्हणून त्याच्या हातात देण्याआधी त्याच्या आईला दाखव. निपाणी-अथणीकडची कोल्हापुरी चप्पल द्यायची असेल तर पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागवून घे, नुसता नंबर विचारून घेतलेली चप्पल बसत नाही. कोरड्या मसाल्यात ब्याडगी मिरचीची पूड ने, रंग छान येतो आणि तिखट कमी. संकेश्वरीची पूड फक्त स्वतःसाठी, वेगळ्या डब्यात. हिंग दोन डब्यांत घाल, नाहीतर सगळे कपडे हिंगाचे होतील.

जेवणाबद्दल आताच स्पष्ट लिहून पाठव, पोचल्यावर सांगू असं म्हणू नकोस. आणि कसं लिहितेस याला महत्त्व आहे. "मी शाकाहारी" एवढंच कळवलंस तर ते अंडं देतील, कारण तिकडे शाकाहारात अंडं येतं. "अंडंही नाही" म्हणालीस की ते तुला वीगन समजतील आणि दूध-दही-लोणीही बंद करतील. म्हणून पूर्ण वाक्य पाठ कर: "इश एस्से काइन फ्लाइश, काइनेन फिश उंट काइने आयर. मिल्श उंट योगुर्ट एस्से इश गेर्न." मांस, मासे, अंडी खात नाही, दूध-दही आवडीनं खाते. मग घरात बसून बाबांशी एक गोष्ट ठरव: केकमध्ये मिसळलेल्या अंड्याचं काय? तिकडे रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉफी आणि केक घेऊन घरातले सगळे टेबलाभोवती बसतात, शेजारपाजारही येतात, आणि भाषा खरी त्या टेबलावर शिकता येते. जवळजवळ प्रत्येक केकमध्ये अंडं असतं. खायचं नसेल तर काहीच बिघडत नाही, पण टेबल सोडू नकोस. बिनअंड्याचा एक केक शिकून जा आणि महिन्यातून एकदा तूच कर.

लपलेल्या गोष्टीही माहीत हव्यात. तू जातेस त्या भागात माउलटाशेन म्हणून पारीत सारण भरलेला पदार्थ सर्रास असतो, मूळ सारण मांसाचं. श्पेट्झलं या शेवयांत अंडं असतं. मसुराच्या आमटीत आणि घेवड्याच्या भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे, वरून दिसत नाहीत. मुलांच्या चघळायच्या रंगीत गोळ्यांत जनावरांच्या कातडी-हाडांचं जिलेटिन, काही चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट, आणि काही बेकऱ्यांच्या ब्रेट्झल या गाठीसारख्या पावात चरबी. दुकानात पाकिटावर "वेगान" लिहिलेलं असेल तर ते डोळे झाकून घेता येतं. बाकीच्यासाठी विचारायचं. विचारल्यानं तिथं कुणाला अपमान वाटत नाही.

जेवणाचं गणित आपल्यापेक्षा उलटं आहे. गरम जेवण दुपारी, आणि संध्याकाळी सहा-सातला आबेंडब्रोट, म्हणजे पाव, लोणी, चीज, काकडी-टोमॅटो, लोणच्यातल्या काकड्या, त्यांच्यासाठी मांसाचे काप. पहिल्या आठवड्यात हे नाश्त्यासारखं वाटतं आणि रात्री दहाला भूक लागते. उपाय सोपा: पावाचे दोन काप जास्त खा आणि एक वाटी दही माग. सगळ्यांनी "गुटन आपेटीट" म्हटल्याशिवाय सुरुवात करायची नाही. पानात थोडं घे, हवं तर परत घे, पण घेतलेलं संपव. जेवण झालं की सुरी-काटा ताटात शेजारी-शेजारी समांतर ठेव. फुलीसारखे ठेवलेस तर अजून खायचंय असं समजतात.

तू रांधून घातलंस तर त्यांना आनंदच होईल, पण पहिल्याच आठवड्यात नको. आधी त्यांची चूल समजून घे. काचेची सपाट शेगडी असेल तर तवा त्यावर ओढायचा नाही, ओरखडे पडतात. साखर किंवा पाक सांडला तर गरम असतानाच खरवडून काढायचा, थंड झाला की काचेला खड्डे पडतात. इंडक्शन असेल तर अॅल्युमिनियमची कढई तापणारच नाही, लोहचुंबक तळाला चिकटला तरच भांडं चालतं. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. घरांत धुराचे अलार्म सक्तीचे असतात, विशेषतः झोपायच्या खोल्यांत आणि बोळात. मोहरी-मिरचीचा धूर तिथपर्यंत गेला की अख्खी इमारत दचकते. आणि फोडणीचा वास त्यांच्या हिवाळी कोटांना लागतो, म्हणून कोटांच्या खुंटीजवळचं दार आधी लाव.

पोळीसाठी तिकडचं ४०५ नंबरचं पीठ घेतलंस तर ते मैद्यासारखं, पोळी चिवट होते. नुसतं गव्हाचं 'फोलकोर्न' पीठ घेतलंस तर कोंडा जाड, पोळीच्या कडा फाटतात. अर्धं-अर्धं मिसळ, कोमट पाण्यानं मळ आणि अर्धा तास झाकून ठेव. उपम्याला 'हार्टवाइत्सनग्रीस' घे, 'वाइशवाइत्सनग्रीस' बारीक असतो, त्याची खळ होते. कोथिंबीर, हिरवी मिरची, मसूर, काबुली चणे तुर्की दुकानात मिळतात. तूरडाळ आणि पोह्यांसाठी आशियाई किंवा भारतीय दुकान शोध. त्यांच्यासाठी पहिला पदार्थ म्हणून श्रीखंड सुचवतो. त्यांच्याकडचा क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्काच. पाकिटावर ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला ५०० ग्रॅम क्वार्क स्वच्छ फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर रात्रभर ठेव. सकाळी १५० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, दुधात भिजवलेलं केशर घालून घोट. रात्रभर निथळायचा टप्पा गाळलास तर साखर पाणी सोडते आणि श्रीखंड पळीवाढं होतं. 'मागर' लिहिलेला क्वार्क घेऊ नकोस, तो कोरडा, खडूसारखा लागतो. चार माणसांना एवढं पुरतं, आणि मुलं वाटी चाटतात.

न्हाणीघराबद्दल आधी कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. बहुतेक घरांत न्हाणीघराच्या फरशीला पाणी जायला मोरीच नसते. बादली-तांब्यानं बाहेर बसून अंघोळ केलीस तर पाणी दाराखालून लाकडी जमिनीत किंवा खालच्या घराच्या छतात जातं, आणि दुरुस्ती महागात पडते. अंघोळ शॉवरच्या काचेच्या आत किंवा टबातच. संडासात पाण्याची सोय नसते. एक छोटी बाटली स्वतःची ठेव, पण वापरताना पाणी सांडणार नाही असं बघ आणि नंतर फरशी कोरडी कर. शॉवर ५ ते ८ मिनिटं. झाल्यावर काचेवरचं पाणी तिथल्या रबरी पुसणीनं ओढून काढायचं आणि जाळीतले केस उचलायचे. लांब केस असलेल्या मुलीबद्दलची सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. खोबरेल लावून झोपायचं असेल तर उशीवर आपला टॉवेल घाल.

खिडक्या हे तिकडचं मोठं प्रकरण. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून ५ ते १० मिनिटं हवा खेळवायची, हिवाळ्यातही. गारठ्याला घाबरून खिडकी बंद ठेवलीस तर श्वासाची, ओल्या कपड्यांची वाफ थंड भिंतीवर जमते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. खिडकी उघडली की हीटरचा नॉब शून्यावर, बंद केली की परत. नॉबवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते आणि बिल वाढतं.

रविवारी दुकानं बंद, म्हणून हवं ते शनिवारी आण. त्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर नको, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायला जायचं नाही, रात्री दहानंतर रोजच शांतता. कचऱ्याचे डबे वेगळे: कागद, वेष्टनं, ओला कचरा, उरलेला. रंग गावागणिक बदलतात, म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना शिकवायला सांग, त्यांना ते पाठ असतं आणि शिकवायला आवडतं. प्लास्टिकची पाण्याची बाटली टाकून देऊ नकोस, तिच्यावर २५ सेंट ठेव असते, सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की परत मिळते. तू जातेस त्या स्वाबिया भागात इमारतीतल्या घरांनी पाळीपाळीनं जिना झाडायची 'केअरवोखं' नावाची पद्धत आहे. आपली पाळी कधी ते विचार आणि ती चुकवू नकोस. शेजाऱ्यांचं मत तिथं जिन्यावर ठरतं.

आणि किल्ली. दार मागून ओढलं की बाहेरून उघडत नाही, किल्ली आत विसरलीस तर कुलूपवाल्याला बोलवावं लागतं आणि तो भरपूर घेतो. किल्ली हरवली तर काही इमारतींत सगळी कुलपं बदलावी लागतात. म्हणून आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, 'हाफ्टफ्लिष्ट', आहे का ते कुटुंबाला विचार.

मुलांच्या बाबतीत काही नियम कडक आहेत. हात उगारायचा नाही, हळूच चापटही नाही. मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क तिथल्या कायद्यात २००० सालापासून लिहिलेला आहे. गाडीत १२ वर्षांपर्यंत किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत मुलांची वेगळी खुर्ची लागते. ८ वर्षांच्या आतल्या मुलानं सायकल फूटपाथवर किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरच चालवायची. मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत, विचारल्याशिवाय गोड द्यायचं नाही, झोपायची वेळ पाच मिनिटंही पुढं ढकलायची नाही. सिग्नल लाल असेल तर रस्ता रिकामा असला तरी थांब, लहान मुलं बघत असतात. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून पहिले काही दिवस मुलाचा हात घट्ट धर.

यजमान आई-वडिलांना बहुतेक नावानंच हाक मारायला सांगतील. जीभ अडेल, पण मार. काकू-काका लावलंस तर त्यांना कळणार नाही. शेजारी, शिक्षिका, दुकानदार यांना मात्र आडनावानं आणि 'झी', म्हणजे 'तुम्ही', म्हणून. भाषेची तू जास्त काळजी करू नकोस, तुझ्यापाशी बाकीच्यांकडे नसलेलं काहीतरी आहे. तू घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर हिंदी असं ऐकत वाढलीस. वर्गातली जर्मन आणि तिथल्या आजीच्या तोंडची स्वाबिश बोली यांत पुण्याची मराठी आणि आपली गावाकडची मराठी यांच्याइतकं अंतर आहे. पहिले दोन महिने काही कळणार नाही. "लांगझामर, बिटं", हळू बोला, असं म्हण. कळलं नसताना मान डोलावू नकोस. डोलावलीस की मुलाला कधी आणायचं, औषध किती द्यायचं यात घोटाळा होतो.

वेळेचं सांगायला नको. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज कर. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, अशुभ मानतात. तुझ्या वाढदिवसाला केक तूच आणायचा. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात खाऊ असतो. तुझेही ठेव, आणि त्यांच्या बुटांत चिमूटभर आपल्याकडचं काही घाल. नाताळचा मुख्य दिवस २४ डिसेंबरची संध्याकाळ. त्या दिवशी घरच्यांबरोबर राहायचं आहे का, हे नोव्हेंबरातच बोलून घे. हो असेल तर प्रत्येकासाठी लहानशी भेट हवी.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. घरमालकानं सही केलेला कागद त्यासाठी लागतो, तो पहिल्याच आठवड्यात माग. मग व्हिसाची मुदत संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून राहण्याचा परवाना.

आईला फोनची वेळ नेमून दे. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा गोंधळ होतो. तिकडे दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा, ती वेळ दोघींना सोयीची. जेवणाच्या टेबलावर फोन घेऊ नकोस.

बिनसतं ते सहसा एकदम नाही. "आज जरा अर्धा तास थांबशील?" रोज होऊ लागतं, आणि एकाच घरात राहत असल्यामुळे काम कुठं संपलं ते कळत नाही. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक फ्रिजवर लाव आणि झालेले तास रोज वहीत टिपून ठेव. दर रविवारी पंधरा मिनिटं यजमानांशी बसून बोल: काय बरं चाललंय, काय नाही. तक्रार मनात साठवून ठेवलीस आणि तिसऱ्या महिन्यात रडत सांगितलीस, तर ते खरोखर चकित होतील, कारण तोवर तू सगळं ठीक आहे असंच म्हणत होतीस. "या आठवड्यात ३८ तास झाले, पुढच्या आठवड्यात कमी करू या का?" असं आकड्यानिशी शांतपणे सांगितलं तर बहुतेक घरं ऐकतात. नाही ऐकलं तर एजन्सीला लेखी कळव. करारात किती दिवसांची सूचना देऊन बाहेर पडता येतं ते आधीच बघून ठेव. दुसरं कुटुंब शोधता येतं, पण त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं.

पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, यजमानांच्याही नाही. कुणी अंगाशी आलं, धमकावलं, बाहेर जाऊ दिलं नाही, तर तिथं बोलणी करत बसू नकोस. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२. महिलांसाठीची मदतवाहिनी ११६ ०१६, फुकट, चोवीस तास, अनेक भाषांत बोलतात. भारताचा दूतावास बर्लिनला आहे आणि वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथं. तुला म्युनिकचा लागेल. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरूनही तक्रार टाकता येते, म्हणून तुझ्या पासपोर्टची आणि कराराची प्रत, कुटुंबाचा पत्ता आणि हे क्रमांक निघण्याआधी आईच्या आणि बाबांच्या फोनमध्ये घालून दे, आणि 'मदद'वर तक्रार कशी टाकायची ते दोघांना एकदा करून दाखव.